पाला

किल्ला दिसला की पाणी घालायचं, असा माझा नियम.
आज दूधवाला गेला, भंगारवाला ओरडून गेला,
तरी माधवगंजच्या गच्च्यांमागे नुसतं पांढरं.
बसले आहे तोवर, कानटोपी घालून, वाफ्याच्या कडेला.

वाफा म्हणजे काय, टाकी आणि भिंत यांच्यामधली
नऊ पावलं जमीन.
मटार जुन्या खाटेच्या सुतळीवर चढवलेत.
रंगाच्या डब्यांत मुळे.
फ्लॉवर सहा, यंदाही उशिराच लावलेले;
दिवाळीचे पाहुणे लवकर जात नाहीत.

लग्न होऊन आले त्या पौषात
भिंतीवरून शिवकुमारी म्हणाली,
"बहू, आज पाला गिरेगा."
मी कऱ्हाडची. मला वाटलं,
पाला पडणार, पडू दे, सकाळी झाडून काढू.
केरसुणीसुद्धा रात्रीच दाराशी काढून ठेवली.
सकाळी मटार उभेच होते,
पण शिजवून ठेवल्यासारखे.
एक पान खाली पडलेलं नव्हतं.
पानांवर साखरेसारखं काहीतरी, आणि मी
केरसुणी हातात धरून.

आता कळतं.
वारा पडला, आभाळ निवळलं, चांदण्या हाताशी आल्या
की ती रात्र.
संध्याकाळीच माती थोडी ओली करून ठेवायची,
काठ्या रोवून वरून साड्या टाकायच्या, पानांना न टेकवता.
परवा जांभळी इरकल गेली, आणि नणंदेनं दिलेली ती,
जी नेसायला कधी जमलंच नाही.
वरच्या खोलीतला अंशुल पटवारीची परीक्षा देतोय,
दोन वाजता दिवा चालू. खाली आला टोक धरायला.
भिंडकडचा. म्हणाला, हमारे यहाँ तो मेड़ पर धुआँ करते हैं.
म्हटलं, इथे धूर केला तर आधी शिवकुमारीचा दमा उठेल,
मग ती, मग सगळी गल्ली.
हसला. किती दिवसांनी, त्याचं त्याला माहीत.
साडी टोकाला एक वीत कमी पडली.
तिथले दोन वेल गेले.

आई पत्रात विचारायची, तिकडे चाकवत मिळतो का गं?
मी लिहायची, नाही मिळत.
अकरा वर्षं लिहिलं.
आणि दर थंडीत मटारांच्या बुडाशी आपोआप उगवायचं ते
उपटून भिंतीपलीकडे द्यायची.
"बथुआ है, फेंको मत," शिवकुमारीचा हात आधीच पुढे.
दुपारी त्याचं रायतं यायचं वाटीतून. खायची. आवडायचंही.
चाकवत मी मंडईत पाहिलेला, जुडीतला,
मुळं कापलेला, रुंद पानांचा.
असा एकटा, थंडीनं आखडलेला,
न लावता आलेला, नाही.
बाराव्या वर्षी आई आली.
गुडघे धरत वाफ्यात वाकली,
एक पान चुरगळून नाकाशी नेलं
आणि माझ्याकडे बघतच राहिली.
बोलली काही नाही. ताक आहे का, एवढंच विचारलं.

किल्ला अजून नाही.
पण मटार तोडायला डोळे लागत नाहीत,
भरलेली शेंग बोटांना कळते,
पोकळ शेंग तर आधीच कळते.
दव मनगटावरून बाहीत उतरतं.
एक फोडते. सात दाणे, आणि देठाशी आठवा,
वाढायचा राहून गेलेला.
तो आधी खाते.

भिंतीपलीकडे खोकला.
"आज गिरेगा क्या?" मी विचारते.
"कोहरा है. आज नहीं."
ती दिसत नाही. भिंतीवर नुसता हात येतो,
हातात वाटी, रिकामी.