सूर्य परत आला त्या आठवड्यात

दोन महिने डोंगरांनी अडवून धरलेला सूर्य
जानेवारीच्या शेवटी फ्योर्डवर डोकावतो,
फार तर वीस मिनिटं,
आणि ईसाफ्योर्दुरमध्ये घरोघर तवे तापतात.
कागदासारखी पातळ धिरडी, आत रुबार्बचा जॅम,
शेजारीपाजारी, कॉफी.

आउस्गेर्दुर दार उघडते तीच हसत.
"स्टेइनवर, बघ तरी, खोली आवरली त्यानं!
गोळ्या स्वतःहून घेतो. आवाज गेले.
काल पालमीचा तंबू परत देऊन आला,
तीन वर्षं आमच्याकडे पडून होता."

धिरड्याचा घास माझ्या हातातच राहतो.

मागच्या हिवाळ्यात थोर्ग्रीमुर
कानांत लोकर कोंबून जिन्याखाली बसायचा.
कोणीतरी त्याला हुकूम सोडायचं,
तो मान हलवत राहायचा, नाही, नाही.
तेव्हा फॉर्मवरचा आकडा मोठा होता.
आकुरेयरीच्या वॉर्डात रात्रभर कोणीतरी
त्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचं.
आता आकडा लहान आहे.
खुर्ची कधीच उचलली.

एकोणीस वर्षं मी हे फॉर्म भरते.
एक गोष्ट फार उशिरा शिकले,
एका नावापायी, ते मी घेत नाही:
वादळात माणूस दोर धरून असतो.
वादळ ओसरलं की किनाऱ्यावर येऊन मोजतो
काय काय वाहून गेलं ते.
डोकं ताळ्यावर येतं
तेव्हा आरसाही ताळ्यावर येतो.
त्यात चोवीस वर्षांचा मुलगा,
भूगर्भशास्त्र दुसऱ्या वर्षाला सुटलेलं,
वर्गातली पोरं लाव्हा मोजायला निघालेली
आणि हा हॅडॉकच्या खोक्यांवर लेबलं चिकटवतो,
तेही मंगळवारी आणि गुरुवारी.

वर जाते. पलंगावर एक सुरकुती नाही.
खिडकीतल्या फळीवर धुळीत गोल गोल डाग,
जिथे त्याचे दगड असायचे.
"शाळेला दिले," तो म्हणतो. "मुलांना आवडतील."

फॉर्म मांडीवर. झोप कशी आहे,
भूक कशी आहे, सातवा, आठवा...
मी तो उलटा ठेवते.
विचारल्यानं कुणाला कल्पना सुचत नाही,
न विचारल्यानं मात्र तो एकटा पडतो.
"थोर्ग्री, जीव द्यावा असं मनात येतं का?"

उजेड त्याच्या गुडघ्यावर येऊन थांबलेला.
खाली भांड्यांचे आवाज, कोणीतरी खिदळतं.
बराच वेळ.

"ते होते ना," तो म्हणतो,
"तेव्हा निदान मला कोणीतरी
नावानं हाक मारायचं."
मग: "रविवारपासून. रोज येतं."

मी त्याला काही समजावत नाही.
दुपारच्या दोन भेटी रद्द करते,
आकुरेयरीला फोन लावते; वारा पडला तर विमान,
नाही पडला तर मी इथेच, या खुर्चीत.
आउस्गेर्दुरला काय सांगायचं
ते आम्ही दोघं मिळून ठरवणार आहोत,
अजून ठरलेलं नाही.

"तंबूवरून कळलं तुला?"
"हो."
"आई किती खूश झाली."
"हो."

तो हसल्यासारखं करतो, मग करत नाही.
गुडघ्यावरचा उजेड केव्हा गेला
दोघांनाही कळलं नाही.
मी पुढचं विचारायला तोंड उघडते,
तो हात वर करतो:
"थांब. आधी दिवा लावतो."