पान मधोमध हवं

मुकुंद वडके आले ते पिशवीत तांब्या घेऊन.
अप्पा बळवंत चौकात आमचं डीटीपीचं दुकान,
दोन कॉम्प्युटर, एक लॅमिनेशनचं मशीन,
आणि एक ते चार उघडं असतं,
हे अजून कुणाला पटत नाही.

तांब्या उलटा केला. बुडाशी ठसा:
तीन पाकळ्यांचं पान, नखाएवढं.
"आजोबांच्या हातचा. तांबट आळीत
माल कुणाचा ते यावरून कळतं.
हे पान त्या पैशाच्या चौकोनात बसवा, ताई,
मधोमध. अन् मोठ्ठं."

मधोमध बसेल, म्हटलं. मोठ्ठं नाही.

तरी त्यांच्या समाधानाला मोठ्ठं बसवलं.
फोन धरला. फोन नुसता बघत राहिला,
मंडईत नाव विसरलेल्या माणसासारखा:
चेहरा ओळखीचा,
हाक मारता येईना.

"मग या कोपऱ्यातल्या खिडकीत?"
अहो, ते तीन कोपरे म्हणजे चुलीचे तीन दगड.
एक हलवा, भांडं कलंडलं.

"मग निदान रंग तांब्याचा,
मागे पितळी झाक."
केला तोही. दिसायला देखणा,
फोनच्या लेखी सगळी संध्याकाळ.
गडद ते गडद हवं, फिकं ते फिकं,
इथे तुमची झिलई कामाची नाही.

वडके रागावले नाहीत. स्टूल पुढे ओढून म्हणाले,
"पण पानाखालचे ठिपके तर गेलेच ना?
मग लहान पान ठेवल्यावर तरी तो वाचतो कसा?"

मी सांगायला लागले:
मजकुरासोबत त्याचा हिशेबही भरलेला असतो,
काही पुसलं गेलं तर उरलेल्यांवरून काढता येतं,
वरची पातळी घेतली की तीस टक्क्यांपर्यंत.
पण तेवढं सगळं आपणच खायचं नाही,
ओरखड्यांना ठेवायचं, तेलकट बोटांना,
उन्हाला.

ते गप्प. मग म्हणाले, "म्हणजे आमचे अण्णा."

चाळीस वर्षं मठारकाम,
हातोडीनं कान नेले.
"आता मधले शब्द गळतात.
जेवलात का विचारलं तर अर्धंच पोचतं,
पण ओठ बघतात, घड्याळ बघतात,
आणि म्हणतात, हो, भात उरलाय थोडा.
फक्त तोंडावर उजेड हवा
आणि एका वेळी एकानंच बोलायचं.
आजूबाजूला गलका झाला की संपलं."

मी माऊस सोडला.
इतकं नीट मला कुणी शिकवलं नव्हतं.

पान रुंदीच्या पाचव्या हिश्शाचं केलं,
भोवती पांढरी किनार,
बाहेर चहूबाजूंनी चार घरं मोकळी.
वडके त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून,
"इथं दुकानाचं नाव?"
नाही. तिथं काहीच नाही.
तिथं गलका नको.

चहावाल्या पोऱ्याला बोलावलं,
त्याच्या फोनची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी.
दिवा मालवून, तिरका धरून,
हातभर लांबून.
टिंग. एक रुपया गेला त्याचा,
तो वडक्यांनी नाण्यात परत केला.

शनिवारी फोन.
"ताई, चालत नाही."
कडेला काय लावलंय?
"काही नाही."
नीट बघा.
बराच वेळ नुसते ठोके ऐकू आले.
"लिंबू-मिरची. वरून लोंबतीय.
पण अण्णांनी बांधलीय हो."

काढू नका, म्हटलं. वीतभर डावीकडे सरकवा.

सरकवली असावी, कारण मागे कुणीतरी
"झालं, झालं" ओरडलं,
आणि पुन्हा ठोके सुरू झाले, इतके
की त्यांचं पुढचं वाक्य भोकाभोकांतूनच आलं:
पाच... अण्णा... बघायचंय... चहा...

येते, म्हटलं.