खुरावरचा आकडा

मुंबईत विजेची ट्राम येणार ठरलं
आणि कंपनीनं घोडे काढले विकायला,
जोड्या फोडून, एकेक.
जोती गवंडीनं घेतली एक घोडी,
मिरजेवरनं मालडब्यातनं आणली कोल्हापूरला.
पुढच्या डाव्या खुरावर तिरका डागलेला आकडा : ४१७.
नाव विचारलं तर विकणारा हसला म्हणे.

माझा पणजा आदम नालबंद.
स्टेशनाबाहेर पिंपरणीखाली त्याची ऐरण.
हे त्याच्याकडनं आज्याकडं, आज्याकडनं मला
अर्धंमुर्धं आलेलं.

घोडी चालायची नाकासमोर,
जमिनीत रूळ पुरलेत अशी.
म्हैस आडवी आली तरी सरकणं ठाऊक नाही.
आणि थांबायची. पुलाच्या अलीकडं,
चुन्याच्या घाणीपाशी,
मग जिथं दुकान नाही, दार नाही,
नुसतं घाणेरीचं झुडूप, तिथंही.
चाबूक दाखवा, गूळ दाखवा, ढिम्म.
मनोळकर वकील टांग्यात बसून
घड्याळ काढायचे, झाकायचे, काढायचे.

खूर तासता तासता आदम म्हणाला,
"हिला पायधुणी दिसतीया, जोती.
माणसं उतरल्याबिगर ती हालंल कशी?"

मग कासाराकडनं पितळी घंटा आली.
दोन ठोके दिले की घोडी निघायची.
एवढंच हवं होतं तिला.
फक्त महाद्वारात पंचाईत :
आत देवळात कुणी दोनदा घंटा वाजवली
की ही चालू पडायची,
उतरणाऱ्याचा एक पाय अजून पायरीवर.

उन्हाळ्यात मान खाली घालून उभी राहायची,
कुणीतरी टोपी घालावी म्हणून.
तिथं घालायचे म्हणे. जोतीनं आपला पटका भिजवून बांधला.

खूर नखासारखा खाली वाढतो,
त्याच्याबरोबर आकडाही उतरत आला.
आधी चार गेला.
तासलेले तुकडे कुत्री खातात,
चार कुठल्यातरी कुत्र्यानं खाल्ला.
दोन नाला झिजल्यावर एक गेला.
सातापाशी जोती म्हणाला, "ऱ्हाऊदे की म्हैनाभर."
पणजानं ठेवला. कानस बाजूला ठेवून
नुसतेच चार खिळे मारले.

मग तोही गेला.
कोरा खूर घेऊन घोडी निघाली,
पूल, घाणी, आणि घाणेरीपाशी थांबली.
टांगा रिकामा. जोतीच्या हातात घंटेची दोरी.
त्यानं ओढली नाही लगेच.
उतरत असेल कुणी.