खंड चौथा : नागरी जीवन

करारात लिहिलंय :
ग्रहाला चंद्र दोनच.
सेनापती व्हेरिक मरायचा नाही, त्याचं लग्न लावायचं नाही,
तो कंपनीच्या मालकीचा आहे.
युद्ध लोकांनी गेममध्ये खेळून संपवलंय,
तुम्ही फक्त नंतरचं लिहा.
किती माणसं उरली ते परिशिष्टात पाहा.

पाहिलं. एकतीस कोटी.
त्यांच्या खिडक्यांना काचेऐवजी काय आहे
ते मात्र कुठेच नव्हतं.

सेंट लुइसच्या दक्षिणेला, बोस्नियन बेकरीच्या वरच्या मजल्यावर
आई झोपली की मी लिहायला बसते.
मुखपृष्ठावर गेमचं नाव हातभर,
माझं, सेनादा हरुस्तिच, मुंगीच्या रांगेएवढं.
त्याबद्दल तक्रार नाही. मुंग्यांनीच घर चालतं.

मी खिडक्यांना प्लास्टिक लावलं,
वाऱ्यात रात्रभर फडफडणारं, श्वास घेतल्यासारखं.
तळघरात शाळा भरवली. खडू नव्हता, प्लास्टर होतं
पडलेल्या भिंतींचं, हवं तेवढं.
शेगडीत आधी पुस्तकं घातली, मग बूट
(बूट जास्त वेळ जळतात, पण पावाला वास लागतो).
नळ जोडणारी एक बाई केली, तिला नाव दिलं ओरेन,
आणि तिला दोनशे पानं
एक वॉशर शोधत फिरवलं.

समासात कर्टिसची लाल शाई :
इथे एखादी चकमक?
इथे?
निदान इथे?

आणि पान एकशे चाळीस : यांच्याकडे दिवा कसा लागला?

मी कळवलं : ओरेनच्या भावानं नदीत चाक सोडलं,
पुलाखाली, लाकडी तराफ्यावर,
पत्र्याची पाती, धुण्याच्या यंत्राची मोटर.
एक बल्ब लागतो. नदी तुंबली की डोळे मिटतो.

कर्टिस म्हणाला, पटत नाही, पण कल्पना झकास आहे.
सुचतं कसं तुला?
म्हटलं, सुचतं.

गोराझ्देला द्रिनेवर रासिममामाचं असंच होतं.
त्या उजेडात मी बाराचा पाढा पाठ केला.
एका पहाटे बघितलं तर
चाक फिरत होतं आणि मामा नव्हता.
आईनं पुढे बोटातून रक्त दिलं, सरकारी कागदावर,
हाडांशी जुळवायला.
एवढ्या वर्षांत कुणाचाच फोन नाही.
पुस्तकात मी तेवढंच लिहिलं : चाक फिरत होतं.

आईला इंग्रजी वाचता येत नाही.
विचारते, काय लिहितेस?
दूरच्या एका ग्रहाचं.
तिथे पीठ मिळतं का?
कधी मिळतं, कधी नाही.
मग ठीक, म्हणते, आणि कणकेवर ओलं फडकं टाकते.

गेल्या मंगळवारी कर्टिसचा फोन आला.
तो नदीवरचा भाऊ सगळ्यांना आवडलाय, म्हणाला.
तू प्रेत दाखवलं नाहीस ना?
छान केलंस. पाचव्या खंडात तो परत येतोय.
दुसरा लेखक लिहितोय, ओरेगनचा कुणीतरी,
पोरगा हुशार आहे.

मी किती वेळ फोन धरून होते माहीत नाही.
खाली बेकरीत पहाटेची भट्टी पेटली होती.
विचारावंसं वाटलं, कुठून येतोय तो?
पायांत काय आहे त्याच्या?
त्या लेखकाला कुणी सांगा, त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं,
मागून हाक मारू नका.
विचारलं इतकंच, की हप्ता कधी मिळेल.

पुस्तकाच्या दहा प्रती आल्यात.
मुखपृष्ठावर एक जहाज पेटलेलं,
जे आत कुठेच पेटत नाही.
आईनं एका प्रतीवर कॉफीची जेझ्वा ठेवली, गरम,
आणि उचलली तर दोन चंद्रांशेजारी
तिसरा उमटला, तपकिरी, एका बाजूला तुटका.
करारभंग झाला, म्हटलं.
ती पदरचं काही न बोलता कप भरत राहिली,
नेहमीसारखे तीन.

पाचव्या खंडाचं तिला अजून सांगितलेलं नाही.