राखीव यादी

शुक्रवारी पावणेचारला झुरिकहून दोन ओळी आल्या:
आभारी आहे, पण दुसरीकडे जातोय.
मोरॅग म्हणाली, चला, एक जागा सुटली.
अ‍ॅबर्डीनला मार्चात या वेळी
उजेड असतो, पण कामाचा नसतो.
खिडकीबाहेर करड्या दगडांचं गाव
आणि कुणाच्या तरी सँडविचवर टपलेले कुरव.

मी राखीव यादी उघडली.

शीर्षक तिच्यावर इंग्रजीत आहे.
मी मनात मराठीत वाचते आणि दर वेळी अडखळते.
तिकडे हा शब्द पाठीमागून यायचा,
कँटीनच्या रांगेत, दबक्या हसण्यातून:
राखीवातली ना ही?
उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडील तहसिलीत
चार सोमवार उभे राहिले,
त्याच उत्पन्नातले चार दिवस बुडवून.
इथे राखीव म्हणजे एवढंच:
गुण पुरले, पैसे नाही पुरले,
कुणीतरी नको म्हणेपर्यंत थांबा.

क्रमांक एक. एली बखन, पीटरहेड.
विषय: हेरिंगच्या कानातले दगड.
त्यांवर वर्षावर्षाची वळी असतात म्हणे, खोडावर असतात तशी.
‘वडिलांनी तीस वर्षं मासे मोजले,
वय एकाचंही विचारलं नाही.’
समितीतल्या एकानं या वाक्याखाली लिहिलं, भावनिक.
दुसऱ्यानं त्यालाच नऊ गुण दिले.

क्रमांक दोन. शुद्धोधन वाव्हळ, परभणी.
ज्वारीवरची काणी.
दोघांत अंतर शून्य पूर्णांक दोन.

नियम असा, की सोमवारी बारापर्यंत संपर्क न झाल्यास
पुढच्या क्रमांकाकडे जावे.
एलीचा फोन वाजला, वाजत राहिला.
पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा बाईचा यांत्रिक आवाज: निरोपाला जागा नाही.
मोरॅग कोटात हात घालत म्हणाली,
तीनदा केलास, नोंद कर, घरी जा.
नोंद केली. मोरॅग गेली.

आता खोलीत मी, हीटर
आणि शून्य पूर्णांक दोन.
मला काही करायचं नव्हतं.
नुसतं न करायचं होतं,
सोमवारी बारापर्यंत.

शुद्धोधनच्या अर्जात शेवटी एक कागद जास्तीचा होता,
इथे कुणी न मागितलेला:
जातीचा दाखला. स्कॅन तिरका,
गोल शिक्का अर्धा कागदाबाहेर.
सवयीनं जोडला असणार.
मीही जोडला होता.

किती वेळ पाहत बसले कोण जाणे.
बाहेर दिवे लागले.

मग चौथ्यांदा नंबर फिरवला.
का, ते अजून सांगता येत नाही.
चांगुलपणा म्हणावा तर त्याचा हात असा थरथरत नसावा.

उचलला.
मागे यंत्रांची घरघर, बायकांचा गलका, धो धो पाणी.
थांबा हां, ती म्हणाली, हातमोजे काढते.
आणि बराच वेळ नुसतं पाणी.

मी सांगितलं: साडेतीन वर्षं, फी माफ,
दर तिमाहीचे पैसे आगाऊ, पहिला हप्ता ऑक्टोबरात.
ती गप्प. वाटलं, रडतेय.
तिनं विचारलं,
ऑक्टोबरात कितव्या तारखेला?

घरभाडं पहिल्या तारखेला देणाऱ्यांचा प्रश्न.
त्या खुर्चीपलीकडे बसून
मीही सगळ्यात आधी हाच विचारला होता.

तारीख सांगितली.
एलीची ओळ हिरवी केली.
दोनच्या जागी एक लिहिलं.
यादी एकतीस जुलैपर्यंत जिवंत असते.
तोवर मीही त्या कुरवांतलीच,
कुठल्या झुरिकहून, कुठल्या बॉस्टनहून
कुणाचा नकार पडतो का
म्हणून टपलेली.

दाखला काढून टाकायला हवा होता, नियमानं.
नाही काढला.
तिरका होता,
तेवढा सरळ केला.