अकरावं प्रकरण

माझा नायक पंधरा वर्षांचा. मी त्रेपन्न.
रोज सकाळी, बॉयलर गरम होईपर्यंत,
मी त्याच्या वयात शिरायला बघते
आणि खांद्यापाशी अडकते,
शाळेतला जुना कोट घालून पाहावा तशी.

आमच्या ब्लायनायला तिन्ही बाजूंनी पाटीच्या दगडाचा चुरा.
खाणी मिटल्या. ढिगारे कुणी उचलले नाहीत.
इथला पाऊस कधीच पहिला नसतो, कालचाच असतो,
आणि तो थांबला की अख्खा डोंगर
थुंकी लावून पुसलेल्या पाटीसारखा चमकतो.
असल्या गावात कोरी पाटी कुणाचीच नसते.

मी वेल्शमध्ये लिहिते.
मुलं वेल्शमध्ये भांडतात
आणि प्रेम इंग्रजीत टाइप करतात,
म्हणून माझ्या पुस्तकातली चुंबनं
जरा भाषांतरित वाटतात. असो.

अकराव्या प्रकरणात गेथिनचा बाप घर सोडतो.
चार पानं लिहिली होती.
दारात पाऊस, हातात बॅग, मुलाच्या गालावर
एक थेंब, जो पावसाचा की कसला
हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं.
त्या थेंबावर माझा फार जीव होता.

गुरुवारी ती पानं शाळेत वाचली.
नऊ मुलं. रेडिएटरवर वाळत घातलेले मोजे.
मागच्या बाकावर तेगिद,
टोपीची दोरी चघळत.

"तेव्हा कोणी रडत नाही," तो म्हणाला.
मग काय करतं?
"विचारतं, चार्जर नेताय का. तो माझाय."
बाई खोकल्या.
"आणि 'तू' नाही म्हणायचं. 'तुम्ही' म्हणायचं."

आमच्याही भाषेत दोन आहेत.
आमच्या घरांत बापाला 'तू'.
'तुम्ही' म्हणजे पाद्री, डॉक्टर,
कर्ज नाकारणारा बँकेतला माणूस.
एवढ्याशा शब्दानं बाप
उंबऱ्यावरच पाहुणा झाला.
तीस वर्षं लिहितेय. मला नव्हतं सुचलं.

घरी येऊन चार पानं खोडली.
थेंबासकट.
उरल्या दोन ओळी. एक चार्जरची,
दुसरीत फक्त दार लागतं.
कायर्नारवनहून लुनेदचा फोन: भावना कुठे गेली?
आणि शेवटी आशा हवी गं, थोडी तरी,
शाळा पुस्तकं आशा बघून घेतात.
मी म्हटलं, बघते.
संपादकाला 'बघते' म्हणजे 'नाही',
हे तिलाही पाठ आहे.

पण रात्री झोप येईना.
चार्जर माझा नव्हता.
नऊ मुलांत कुणीही विचारलं नव्हतं की कुणाचा.
मीही नाही. मी तर पेन्सिलीनं समासात टिपून घेतला होता,
तो बोलत असतानाच.

शनिवारी चिप्सच्या दुकानाबाहेर गाठला त्याला.
व्हिनेगरचा वास, बोटं तेलकट.
विचारलं, वापरू का रे?
खांदे उडवले. मग बराच वेळ
कागदाच्या तळाशी काहीतरी शोधत राहिला.

"नाव बदला," म्हणाला.
बदललेलंच आहे.
"चार्जर काळा करा. आमचा पांढरा होता."

करते, म्हटलं.
याहून मोठं काही म्हणण्याचा हक्क
मला कुठल्या वयात मिळाला असता, कोण जाणे.

"शेवटी येतो का तो परत?"
अजून लिहिलं नाही.
"नका आणू."

निघाला. वळणावरच्या बसथांब्यापर्यंत गेला,
तिथून मागे वळून ओरडला,
सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा:
"एकदा फोन करू द्या फक्त!"

आज सोमवार. सात वाजून दहा.
बॉयलर गुरगुरतोय.
एकविसाव्या प्रकरणात टेबलावर फोन वाजतोय,
काळी वायर भिंतीपर्यंत ताणलेली,
आणि गेथिन नुसता बघतोय पडद्याकडे.
तिसरी घंटा.
मी काही बोलत नाही.