कांजी हाउस

भेरूलालची बाजरी परवा रात्री धरली गेली.
पाटणीपुऱ्याच्या चौकात उभी होती म्हणे, नुसती उभी,
रस्ता कुणाच्या तरी मालकीचा असतो
हे कानावरच न आल्यासारखी.

सकाळी तो फाटकाशी, हातात रिकामी चरवी.
"बेनजी, अर्जी लिख दो."
म्हटलं, थांब, चपला घालते.

आई कोंडवाडा म्हणायची.
बाकी सगळं इंदूर म्हणतं कांजी हाउस,
आणि मला लहानपणी वाटे, आत गुरांना
राई लावलेली आंबट कांजी पाजत असतील.
पुढे कुणी सांगितलं: कांजी नव्हे, काइन.
काउचं जुनं अनेकवचन.
साहेबाच्या लिपीत लिहून पाहा,
दोघींत एक अक्षर सारखं नाही.
त्याच्या मुलखात हा शब्द केव्हाच वारला.
इथे, मालव्यात, लोखंडी पाटीवर
अजून दावणीला आहे,
गंज खात.

संध्याकाळी मी जर्मन शिकवते.
चौदा मुली, सगळ्या नर्सिंगच्या.
फळ्यावर गाय काढली (माझी गाय कुत्र्यावर जाते),
म्हटलं, कू.
पोरी फिदीफिदी. मॅडम, ही गाय की कोकिळा?
हॉलंडातही कू, म्हटलं. वर नॉर्वेतही कू.
बर्फाच्या अंगणात तोंडाचे चंबू करून
अख्खा शेजार एकीलाच हाक मारतोय.
फार मागे, सगळे एकाच कळपामागे चालत होते तेव्हा,
तिच्या नावाच्या तोंडाशी 'ग'सारखं काही होतं.
आपण ते राखलं. ते थंडीकडे वळले
आणि वाटेत कुठे तरी 'ग'चा 'क' झाला.

मागच्या बाकावरून शलाका बोरगावे:
मग आपण तिकडे वळलो असतो तर
गायीची काय झाली असती, मॅडम.
काय झाली असती?
"काय"च.

वर्ग हसला. मीही.
रात्री मात्र कूस बदलत राहिले.

पत्र्याखाली साठेक जनावरं. मूत, ओला भुसा.
बाजरीने मान वळवून पाहिलं
आणि त्या पाहण्यात तोच शब्द होता,
'क' लागलेला.

आठल्ये कारकून, चष्मा कपाळावर, कार्बन सरळ करत:
"दंड वेगळा, खुराकी वेगळी, फी वेगळी."

फी.
मला राहवलं नाही. आठल्ये, म्हटलं,
फी म्हणजे मुळात गुरंच.
आपला पशू त्या वाटेने गेला, 'प'चा 'फ' झाला.
जर्मन शेतकरी आजही गोठ्याकडे बोट दाखवून म्हणतो, फी.
इंग्रजाने गुरं विकली, नाणी मोजून घेतली,
नाव मात्र तेच चालू ठेवलं.

चष्मा कपाळावरून डोळ्यांवर उतरला.
"म्हणजे ताई, गाय सोडवायला गाय भरायची?"
"तसंच काहीसं."
"तरी सातशे चाळीसच होतात."

भेरूलालकडे दोनशे दहा, घामाने मऊ झालेले.
उरलेले माझ्या पर्समधून निघाले,
कालच जमलेली मुलींची फी:
शलाकाची पाचशेची नोट, कोपऱ्यात मेंदीचा डाग,
आणि सुटे तीस.
ती जाईल. परक्या म्हाताऱ्यांना कुशीवर वळवील,
त्यांच्या भाषेत त्यांना विचारील, कुठे दुखतंय.
कुणी सांगावं, त्यातला एखादा
जन्मभर गुरं राखलेला निघेल.

पावतीवर: गाय, नग एक, रंग तांबूस.
मालकाचा अंगठा.

फाटक उघडलं तेव्हा भेरूलालने नाव घेतलं नाही.
ना 'ग', ना 'क'.
जिभेने टाळूला एक टचकारा,
जो मला कुठल्याच फळ्यावर लिहिता येणार नाही.

बाजरी निघाली.
जाता जाता माझ्या हातातल्या पावतीचा
रकमेकडचा कोपरा
तिने सावकाश
चावून नेला.